बारमाही वसंत

आमच्या सोसायटीत एक निवृत्त मामलेदार राहतात. 'मॉल' हा शब्द 'माल' या शब्दापासून आला, असं ते छातीठोकपणे सांगतात. त्यांचा पुरावाही बिनतोड असतो. "आत जाऊन बघा की, सगळा मालच भरलाय!" सरकारी नोकरीत जन्मभर पंचनामे केलेल्या माणसाशी व्युत्पत्तीवरून वाद घालू नये, एवढं मला कळतं. पण खरी गोष्ट त्याहून गमतीची आहे, म्हणून तुम्हांला सांगतो. मामलेदारांच्या कानावर घालू नका.

सतराव्या शतकात लंडनमधली बडी मंडळी 'पॅल मॅल' नावाचा एक खेळ खेळत. लाकडी मोगरीने चेंडू टोलवायचा आणि दूरवरच्या कडीतून पार करायचा, असा तो खेळ. त्यासाठी दुतर्फा झाडं असलेली एक लांबलचक सरळ पट्टी लागे. पुढे खेळ मेला, पट्टी उरली. लोक तिथं संध्याकाळचे फिरायला जाऊ लागले आणि 'मॉल' म्हणजे सावलीतून हिंडायची जागा, असा अर्थ रूढ झाला. इंग्रज जिथं गेला तिथं हा शब्दही सामानात बांधून घेऊन गेला. सिमल्याचा मॉल रोड त्यातलाच. म्हणजे मूळच्या मॉलमध्ये खरेदी हा प्रकारच नव्हता. पायांना व्यायाम, डोळ्यांना विरंगुळा आणि समोरून येणाऱ्याला 'काय, बरं आहे ना?' म्हणण्याची सोय, एवढाच काय तो उद्देश.

या रिकामटेकड्या शब्दावर छप्पर कुणी घातलं, त्यात वातानुकूलन कुणी सोडलं आणि त्याचं दुकान कसं झालं, ही एका माणसाची गोष्ट आहे. माणूस व्हिएन्नाचा. गोष्ट घडली अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस शहराच्या इडायना नावाच्या उपनगरात. आणि गंमत अशी, की या माणसाला दुकानं उभी करायचीच नव्हती. त्याला चौक बांधायचा होता.

व्हिक्टर ग्र्युनबाउम हे त्याचं नाव. जन्म १९०३ चा. धंद्याने वास्तुविशारद, विचाराने समाजवादी आणि वृत्तीने नाटक्या. संध्याकाळी काम संपलं, की हा गडी राजकीय कॅबरेत उभा राहून पुढाऱ्यांची टिंगल करी. कॅबरे म्हटल्याबरोबर काही वाचकांनी खुर्ची पुढे ओढून घेतली असेल, त्यांनी ती परत मागे न्यावी. हा कॅबरे म्हणजे आपल्या लोकनाट्यातल्या बतावणीचा चुलतभाऊ. समाजवादी आणि वर नाटकवेडा असा एक तरी इसम आपल्याकडे प्रत्येक गावात असतो. त्याच्या हातून संसार सोडून बाकी सगळं होतं.

व्हिएन्ना हे शहर म्हणजे चौकांचं आणि कॉफीहाउसांचं. एका कॉफीवर आणि एका वर्तमानपत्रावर अख्खी दुपार काढायची, हा तिथल्या माणसाचा जन्मसिद्ध हक्क. वेटर उठवत तर नाहीच, उलट मधूनमधून पाण्याचा ग्लास आणून ठेवतो. आपल्याकडे इराण्याचं हॉटेल होतं, नाही असं नाही. पण इराण्याच्या भिंतीवर 'जास्त वेळ बसू नये'पासून 'केस विंचरू नये'पर्यंत धर्माज्ञा लिहिलेल्या असत. व्हिएन्नाच्या माणसाला तेवढाही जाच नाही. अशा गावात वाढलेल्या माणसाची एक पक्की समजूत होऊन बसते : शहर म्हणजे इमारती नव्हेत, शहर म्हणजे दोन इमारतींच्या मधे माणसं जिथं रेंगाळतात ती जागा.

मार्च १९३८ मध्ये हिटलर व्हिएन्नात शिरला. ग्र्युनबाउम ज्यू. त्यातून पुढाऱ्यांची टिंगल करणारा. म्हणजे यादीत नाव वरचंच. असं सांगतात, की नाटकमंडळीतल्या एका मित्राने नाझी शिपायाचा गणवेश चढवला आणि गाडीत घालून या नवराबायकोला थेट विमानतळावर पोचवलं. नाटकाच्या पेटीतल्या कपड्यांनी जीव वाचवल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. आमच्या गॅदरिंगमधल्या शिवाजीमहाराजांच्या अंगरख्याने फक्त खरूज दिली होती. असो. पस्तिशीच्या उंबरठ्यावरचा हा माणूस न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा त्याच्याजवळ होती एक पदवी आणि आठ डॉलर. इंग्रजी नव्हतंच. आडनाव लांब पडतं म्हणून पुढे त्याने ते छाटून 'ग्रुएन' केलं. शहर गेलं, भाषा गेली, आडनावाची शेपटीही गेली. चौक तेवढा डोक्यात राहिला.

पोटासाठी माणूस काय करत नाही? ग्रुएन दुकानं सजवू लागला. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर १९३९ साली त्याने चामड्याच्या वस्तूंचं एक छोटंसं दुकान केलं. तोवर दुकानाची काच रस्त्याला टेकलेली असे. गिऱ्हाईक बाहेर आणि माल आत. ग्रुएनने दुकानाचं दार आत ओढून घेतलं आणि पुढे एक छोटी गल्लीच काढली. गल्लीत दोन्ही बाजूंना काचेच्या पेट्यांत पर्सेस मांडलेल्या. रस्त्याने जाणारी बाई एक पेटी बघते, मग दुसरी बघते आणि तिसऱ्या पेटीशी तिच्या लक्षात येतं, की आपण दुकानात उभ्या आहोत. गिऱ्हाइकाने दुकानात शिरण्याऐवजी दुकानानेच गिऱ्हाइकाला कुशीत घ्यायचं, अशी ही योजना. नाटकवाल्यालाच सुचणार! पडदा उघडण्याआधीच प्रेक्षक नाटकात.

आता थोडं उपनगराविषयी बोललं पाहिजे. आपलं उपनगर आगगाडीने जन्माला घातलं. दादर घ्या, पार्ले घ्या, मुलुंड घ्या. आधी स्टेशन आलं आणि मग स्टेशनाच्या पोटाशी बाजार आला. गाडीतून उतरलेला माणूस दोन जुड्या कोथिंबीर आणि एक गजरा घेऊनच घराकडे वळायचा. वाटेत चार जण भेटायचे. त्यातल्या एकाकडे आपले पैसे अडकलेले असायचे आणि दुसऱ्याचे आपल्याकडे. चौक आपोआप होत होता, त्यासाठी कुणा वास्तुविशारदाला व्हिएन्नाहून बोलवावं लागलं नाही.

अमेरिकेचं उपनगर मोटारीने जन्माला घातलं. दुसरं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले, सरकारने त्यांना घरासाठी कर्जं मिळवून दिली आणि शहराबाहेरच्या शेतांत एकसारख्या घरांच्या रांगा उठल्या. घर, हिरवळ, गॅरेज. घर, हिरवळ, गॅरेज. मधे काही नाही. वाण्याचं दुकान नाही, पार नाही, पानाची गादी नाही. शेजारणीकडे विरजण मागायला जायचं तरी किल्ली शोधा, गाडी काढा. नवरा सकाळी गाडी घेऊन गेला, की बायको दिवसभर हिरवळीकडे बघत बसलेली. दुकानं होती ती हमरस्त्याच्या कडेला, माळेसारखी लांबवर लागलेली. गाडी थांबवायची, वस्तू उचलायची, गाडी सुरू करायची. ग्रुएनला या रस्त्याकडेच्या दुकानांचा मनस्वी तिटकारा होता. स्वतः दुकानं बांधून जगणारा हा माणूस त्या दुकानांबद्दल बोलायला लागला, की आपल्या शाळामास्तरांनी सिनेमाबद्दल बोलावं तसा बोले.

१९४३ साली, युद्ध चालू असतानाच, त्याने आणि त्याच्या तेव्हाच्या पत्नीने एका वास्तुशास्त्राच्या मासिकात उपनगरांसाठी एक कल्पना मांडली होती. सगळी दुकानं एकत्र करा, त्यांची तोंडं रस्त्याकडून आत वळवा, मधे बाग ठेवा आणि भोवती वाचनालय, पोस्ट, दवाखाना अशा गोष्टी घाला. मोटारी बाहेर, माणसं आत. म्हणजे थोडक्यात, आपला वाडा! चौकात तुळशीवृंदावनाऐवजी कारंजं एवढाच फरक. मासिकवाले तयार होते, बांधणारा कुणी भेटत नव्हता. डेट्रॉइटजवळ १९५४ साली त्याचं 'नॉर्थलँड' उभं राहिलं, तेही फार गाजलं. पण त्याच्या गल्ल्या उघड्या होत्या. छप्पर यायचं होतं.

छप्पर आलं ते मिनेसोटाच्या थंडीमुळे. मिनिआपोलिसमध्ये डेटन नावाच्या घराण्याचं मोठं वस्तुभांडार होतं. गिऱ्हाईक उपनगरात राहायला चाललं, तर आपणही त्याच्या मागे गेलं पाहिजे, हे त्यांनी ओळखलं आणि ग्रुएनला बोलावून घेतलं. त्याने हिशेब मांडला : या गावात खरेदीला बाहेर पडावं असं वाटण्याजोगे दिवस वर्षाला जेमतेम सव्वाशे. बाकीचे दिवस एकतर बर्फ, नाहीतर उकाडा. सबब, चौकावर छप्पर घाला आणि आत कायमची ७५ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २४ सेल्सियस, हवा ठेवा.

८ ऑक्टोबर १९५६ रोजी 'साउथडेल' उघडलं. खर्च दोन कोटी डॉलर, दुकानं ७२, मोटारींना जागा ५,२०० आणि पहिल्याच दिवशी माणसं आली ७५,०००. मधोमध मोठा बंदिस्त चौक. त्यात झाडं, माशांचं तळं, एकवीस फूट उंचीचा पक्ष्यांचा पिंजरा, कॅफेच्या खुर्च्या आणि हॅरी बर्टोया नावाच्या शिल्पकाराने केलेली धातूची सोनेरी झाडं. या चौकाला नाव दिलं होतं 'बारमाही वसंताचं अंगण'. बाहेर नाकाचा शेंडा गोठावा अशी थंडी आणि आत चैत्र. कालिदासाला असा यक्ष भेटला असता, तर मेघाला निरोप घेऊन जायचं कारणच पडलं नसतं. यक्षपत्नी अलकानगरी सोडून कॅफेतच बसली असती.

इमारतीची अक्कलहुशारी मात्र खरोखर बघण्यासारखी होती. दुकानं दोन मजल्यांवर होती. आता दुकानदाराचा हा जुना अनुभव, की गिऱ्हाईक जिना चढत नाही. ते दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाचं नशीबच. ग्रुएनने काय केलं, तर गाड्यांची मैदानं उंचसखल केली. एका बाजूने आलात तर थेट खालच्या मजल्यावर शिरता, दुसऱ्या बाजूने आलात तर थेट वरच्या. 'वरचा मजला' असा राहिलाच नाही! दुसरी करामत त्याहून मोठी. डेटन मंडळींनी आपल्या इमारतीत शहरातल्या आपल्या प्रतिस्पर्ध्याला, डोनाल्डसन यांच्या भांडाराला, स्वतःहून जागा दिली. आपल्याकडे एका गल्लीतले दोन चितळे, जोशी किंवा गाडगीळ एकमेकांच्या पाटीकडे बघतसुद्धा नाहीत. इथं प्रतिस्पर्ध्याला पाट मांडून बसवलं. कारण साधं होतं. दोन मोठी दुकानं असली, की बाई इथला भाव बघून तिथला भाव बघायला जाणार, आणि वाटेत लहान दुकानं लागणार. पुढच्या सगळ्या मॉलचं गणित याच सूत्रावर बसलं : मोठ्या दुकानाकडून भाडं नावाला घ्यायचं, ते गर्दी ओढतं म्हणून, आणि त्या गर्दीच्या वाटेवर बसलेल्या लहान दुकानदारांकडून पुरेपूर वसूल करायचं. वारकऱ्यांच्या वाटेवर चहाची टपरी घालणाऱ्याला हे अर्थशास्त्र शिकवायला नको.

वर्तमानपत्रांनी तोंड भरून कौतुक केलं. वाकडं बोलला तो एकच, फ्रँक लॉइड राइट. हा वयाची नव्वद वर्षं होत आलेला वास्तुशास्त्रातला भीष्म. महिन्याभराने तो साउथडेल बघायला आला आणि आल्या आल्या त्याने विचारलं, की हे रेल्वेचं स्टेशन आहे की एसटीचं? (त्याने 'एसटी' म्हटलं नाही, पण रोख तोच.) पुढे म्हणाला, की या अंगणात खेड्यातल्या रस्त्याचे सगळे दोष आहेत आणि गोडवा मात्र एकही नाही. म्हातारी माणसं कधीकधी नुसती खवचट असतात आणि कधीकधी खवचट असून बरोबर असतात. राइट दुसऱ्या जातीचा होता.

कारण ग्रुएनच्या नकाशात ते अंगण एकटं नव्हतंच. १९५२ च्या आराखड्यात ४६३ एकर जमीन होती. मधे साउथडेल आणि भोवती घरं, सदनिका, शाळा, वैद्यकीय केंद्र, बाग, तळं. अख्खं गाव. लोकांनी घरून चालत चौकात यावं, मुलं शाळेतून चौकात यावीत, म्हाताऱ्यांनी दुपार तिथं काढावी. दुकानं हे फक्त निमित्त. देवळाच्या निमित्ताने जशी जत्रा भरते तसं. पण बांधून झालं ते निमित्त. वैद्यकीय सोयी आल्या, पुढे १९६५ साली शेजारी रुग्णालयही आलं. पण नकाशातलं ते गुंफलेलं गाव त्या रूपात उभं राहिलंच नाही. अंगण झालं आणि अंगणाभोवतालचं घर राहून गेलं. भोवती काय? तर डांबराचा समुद्र आणि त्यात नांगरलेल्या पाच हजार मोटारी.

माझी मुलगी त्या मुलखात असते, त्यामुळे एका जानेवारीत हे तीर्थस्थान घडलं. दुकानं उघडायच्या आधीच सकाळी जावयांनी आम्हांला तिथं नेऊन सोडलं. कारण विचारलं तर म्हणाले, "बाबा, तुमचं चालणं होत नाही ना थंडीत? इथं सगळे चालतात." आणि खरंच, बंद दुकानांसमोरून आजोबा-आजी पांढरे बूट घालून, हात झुलवत, फेऱ्यांवर फेऱ्या घालत होते. कुणी काही विकत घेत नव्हतं, घेणार नव्हतं. पुण्यात सारसबागेत सकाळी दिसते तीच मंडळी. फक्त वर आकाश नव्हतं आणि राजकारणावर वाद नव्हता. आमच्या हिने दोन फेऱ्या मारल्या आणि ती एका बाकावर बसली. एवढ्यात मागून अस्सल मराठी आवाज आला, "अगं, हेच लक्ष्मी रोडला निम्म्या किमतीत मिळतं!" ही ताडकन उठली. पुढची पंचवीस मिनिटं दोघी अनोळखी बायका, एक सदाशिव पेठेतली आणि एक डोंबिवलीची, सुना, गुडघे आणि भारतातून आणलेलं मेतकूट या विषयांवर बोलत होत्या. बर्टोयाची सोनेरी झाडं वर चमकत होती. ग्रुएनला हवं होतं ते नेमकं हेच, असं मी जावयांना सांगायला गेलो, तेव्हा ते गाडी कुठे लावली ते आठवत होते.

साउथडेलची नक्कल देशभर झाली, ती मात्र चौकाच्या प्रेमाने नव्हे. त्यामागे एक अत्यंत रुक्ष कारण आहे : घसारा. वाणिज्य शाखेच्या वाचकांनी क्षमा करावी, इतरांसाठी सांगतो. इमारत दरवर्षी थोडी थोडी जुनी होते, म्हणून तिची किंमत दरवर्षी थोडी कमी धरायची आणि तेवढी रक्कम उत्पन्नातून वजा करून कर भरायचा, याला घसारा म्हणतात. पूर्वी ही वजावट चाळीसेक वर्षांत सारखी विभागून मिळे. १९५४ साली अमेरिकन सरकारने कायदा बदलला आणि नव्या बांधकामाला पहिल्या काही वर्षांतच मोठा घसारा काढायची मुभा दिली. म्हणजे मॉल नफ्यात चाललेला, पण कागदावर तोटा! कर माफ. मग धनिक मंडळी धडाधड मॉल बांधू लागली. काही वर्षं घसारा काढायचा, इमारत विकायची, नवी बांधायची. जुन्या बाजारपेठेतल्या इमारतीची डागडुजी करणाऱ्याला एवढी सवलत नाही, शेतात नवा डबा उभा करणाऱ्याला आहे. त्यात साउथडेल उघडलं त्याच १९५६ साली राष्ट्रीय महामार्गांचा ४१,००० मैलांचा कायदा आला. आता रस्ता सरकारचा, कर माफ आणि गिऱ्हाइकाच्या दारात मोटार. इतिहास तलवारीने घडतो असं आम्हांला शाळेत शिकवलं. त्यात हिशेबतपासनिसाचा धडा असायला हवा होता.

या नव्या मॉलवाल्यांनी ग्रुएनच्या आराखड्यातून आपल्या सोयीचं तेवढं उचललं. पोस्ट गेलं, वाचनालय कधी आलंच नाही, पक्ष्यांचे पिंजरे गेले. उरली ती बिनखिडक्यांची भिंत आणि आतला गोंधळ. घराबाहेर पडताना माणसाला एक ठरावीक वस्तू घ्यायची असते. झगमगाटात, वळणांत, घड्याळ आणि खिडकी नसलेल्या हवेत त्याला एक क्षण असा येतो, की आपण कशासाठी आलो होतो तेच आठवत नाही आणि मग तो दिसेल ते घेत सुटतो. त्या क्षणाला या धंद्यात 'ग्रुएन ट्रान्सफर' म्हणतात. ज्याला या गोष्टीचा मनापासून संताप यायचा, त्याचंच नाव तिला चिकटवलं. तसं बघितलं, तर हा शोध अमेरिकेचा म्हणणं धाडसाचं आहे. आमची ही तुळशीबागेत सेफ्टी पिना घ्यायला जाते आणि पोळ्यांचा डबा, दोन परकर, एक बोळकी आणि कुणाच्या तरी बारशाचा वाळा घेऊन येते. सेफ्टी पिना राहतात. पण तुळशीबागेच्या पोटात अठराव्या शतकातलं राममंदिर आहे. पिशव्या पायाशी ठेवून मंडपात टेकलं, तर 'काय घेणार?' असं विचारायला कुणी येत नाही.

ग्रुएन हे सगळं बघत होता आणि उलटीकडून काम करू पाहत होता. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरासाठी त्याने १९५६ सालीच योजना केली होती : शहराच्या गाभ्याभोवती वर्तुळाकार रस्ता, त्याला लागून मोटारतळ आणि आत फक्त पायी चालणारी माणसं, मालाच्या गाड्यासुद्धा जमिनीखालून. वाहवा भरपूर झाली, काम शून्य. मिशिगनमधल्या कॅलमझू नावाच्या गावाने त्याच्या सल्ल्यावरून १९५९ साली भर बाजारपेठेतला रस्ता मोटारींना बंद केला. अमेरिकेतला तो पहिला पादचारी बाजार. खुद्द मिनिआपोलिसनेही, उपनगराकडे पळालेलं गिऱ्हाईक परत यावं म्हणून, १९६७ साली आपल्या मुख्य रस्त्यावरच्या मोटारी काढल्या आणि त्याला नाव काय दिलं, तर 'निकोलेट मॉल'. फिरायची जागा या मूळ अर्थाने! शब्द बिचारा हिंडून हिंडून घरी आला.

माणूसही घरी गेला. १९६८ साली, पासष्टीला टेकलेला ग्रुएन व्हिएन्नाला परतला. तीस वर्षांपूर्वी जे सोडावं लागलं होतं, ते चौक, ती कॉफीहाउसं जागच्या जागी होती. जुन्या शहराचा गाभा मोटारींपासून सोडवा, असा त्याने तिथंही आग्रह धरला, आराखडे केले. १९७४ साली कॅर्न्टनर श्ट्रासे हा तिथला नामांकित रस्ता पायी चालणाऱ्यांना मोकळा झाला. आता म्हातारा सुखाने कॉफी पिणार, असं तुम्हांला वाटेल. पण १९७६ साली व्हिएन्नाच्या दक्षिण वेशीवर, मोटाररस्त्याच्या कडेला एक प्रचंड शॉपिंग सेंटर उघडलं. अमेरिकन धाटणीचं. डांबराचा समुद्र, मधे डबा. गावातल्या छोट्या दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळवणारं. स्वतःच्याच पोराने पत्ता शोधत घरापर्यंत यावं आणि दारात उभं राहून 'ओळखलंत का?' म्हणावं, तसं झालं.

ग्रुएनने ओळख दिली नाही. १९७८ साली लंडनच्या एका व्याख्यानात त्याने या सगळ्या मॉलना अनौरस ठरवलं आणि त्यांची पोटगी भरायला आपण बांधील नाही, असं स्वच्छ सांगितलं. गृहस्थाची चार लग्नं झाली होती, तेव्हा पोटगी हा शब्द त्याने ऐकीव माहितीवर वापरला असेल असं वाटत नाही. फेब्रुवारी १९८० मध्ये तो वारला.

आपल्याकडे हे पोर जरा उशिरा आलं. मुंबईत हाजी अलीजवळ 'क्रॉसरोड्स' उघडलं ते १९९९ साली. पहिल्या दिवसांत एवढी झुंबड उडाली, की आत सोडण्यापूर्वी मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड आहे का, हे बघू लागले आणि नसेल त्याच्याकडून प्रवेशाचे पैसे. चौकात शिरायला पैसे! मोबाइल ही तेव्हा खिशात नव्हे, हातात धरून मिरवायची वस्तू होती. टीका झाली आणि तो नियम गेला. मग मॉल उपनगरांत पसरले. लोअर परळला तर १९०५ सालच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात मॉल झाला. जिथं भोंगा वाजला की पाळी सुटायची, तिथं आता सिनेमा सुटतो. आमच्या मामलेदारांचे वडील गिरणगावात कारकून होते. ते स्वतः मॉलमध्ये जातात ते एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी बारा ते चार, थंड हव्यासाठी. विकत काही घेत नाहीत. राखणदार आता त्यांना नमस्कार करतात.

तिकडे अमेरिकेत मॉलचा भर ओसरला. घरबसल्या खरेदी आली आणि ज्या युक्तीने त्यांनी जुन्या बाजारपेठा ओस पाडल्या, त्याच युक्तीने ते स्वतः ओस पडू लागले. ग्रुएनचं नॉर्थलँड २०१५ साली बंद झालं. साउथडेल मात्र तगून आहे. जवळच १९९२ साली 'मॉल ऑफ अमेरिका' नावाचं अजस्र प्रकरण उभं राहिलं तरी ते तगलं. त्यातलं एक मोठं दुकान उठलं, तिथं २०१९ च्या अखेरीस भलीमोठी व्यायामशाळा आली. आणि मोटारतळाच्या एका कोपऱ्यावरचं डांबर उखडून २०१४ साली सदनिका बांधल्या. लोक तिथून चालत मॉलमध्ये येतात. १९५२ च्या नकाशात या सदनिका होत्याच. प्रत्यक्ष ताबा मिळायला बासष्ट वर्षं लागली. पण आपल्याकडच्या गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना ही मुदत काही फार वाटू नये.